मागची हाक

ये गं पोरी, अशी जवळ सरक. तसं न्हाई, आधी तो फोन पालथा ठेव. एक डोळा तिकडं अन् एक माझ्या अक्षराकडं असं करणार असशील तर मी लिहीतच न्हाई. लहानपणापासूनची खोड हाय तुझी. ताटावर बसलीस की दारात कोण आलं ते बघायचं, अन् दारात गेलीस की ताटात काय वाढलं ते. पुण्यात लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओला आवाज लावून देतीस, त्यात दिवस दिवस बसतीस, अन् सख्ख्या आजीनं लिहिलेलं वाचायला तुला दम निघत न्हाई. बस खाली. हे मी फोनवरच सांगणार होते. पण मी नाक ओढलं की तू लगेच म्हणतीस, "आजी, रडू नको ना." मग मला धड रडताबी येत न्हाई अन् बोलताबी येत न्हाई.

तुझा आज्जा गेला तेव्हा तू दहाव्याला आलीस. चुलीम्होरं बसून भाकरी थापल्यास, वाकड्यातिकड्या का हुईना. निघताना मला विचारलंस, "आजी, जाताना आज्जा तुला काय म्हणला?" मी म्हणलं, काय म्हणणार, त्याला बोलता कुठं येत होतं. ते खोटं होतं बाळा. त्याला बोलता येत होतं. तोंड वाकडं झालं होतं, शब्द ओघळायचे, पण मला कळायचं सगळं. तो बोलला. माझ्याशी न्हाई बोलला, एवढंच.

ते कसं झालं ते सांगते. पण आधी तुला मेंढरांमागं चालणं कसं असतं ते कळायला पाहिजे. तू आलीस ती सुट्टीतली, कोकरू मांडीवर घेऊन फोटो काढण्यापुरती. चालायचं म्हणजे पुढं तुझा आज्जा, खांद्यावर घोंगडं अन् हातात काठी. त्याच्या मांडीला लागून म्होरक्या एडका, म्हणजे कळपाला वाट दाखवणारा मेंढा, गळ्यात पितळेची घंटी. मग सगळी मेंढरं. अन् सगळ्यात मागं मी. घोडीवर आमचा संसार, भांडी, पीठ, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची ती जाळी, अन् माझ्या पाठीशी वाटेत जन्मलेलं एखादं कोकरू. धारूरच्या घाटात वळण आलं की पुढचा मागच्याला दिसत न्हाई. मधी नुसता धुरळा. तर आमची रीत अशी की मागचीनं हाक द्यायची, "हुर्र्र हेऽऽय," अन् ती पुढं पोचली की पुढच्यानं म्हणायचं, "होऽऽ." माझी हाक अन् त्याचा हो, ह्या दोन्हीच्या मधी आपली समदी मेंढरं हायेत असं समजायचं. मागची हाक आली न्हाई तर पुढचा पाऊल टाकत न्हाई. मेंढरू कड्यावरून गेलं असंल, लांडगा शिरला असंल, न्हाईतर बाईच पडली असंल. तुझा आज्जा भर रस्त्यात कळप उभा करायचा. गाड्यावाले शिव्या द्यायचे, "ए म्हाताऱ्या, सडक काय तुझ्या बापाची हाय का बे?" हा आपला काठीवर हनुवटी टेकवून उभा. माझी हाक आल्याबिगर हलायचा न्हाई. जिंदगीत तो मला कधी गोड बोलला न्हाई. साडी आणली तर म्हणायचा, "घ्या, फडकं आणलंय." पण रस्त्यात थांबायचा.

मग लकवा आला. सकाळी तोंड धुवायला बसला अन् तांब्या डाव्या हातातून सुटला. तो वाकून तांब्याकडं बघत बसला, जसं दुसऱ्याच कुणाच्या हातातून पडलाय. तालुक्याच्या दवाखान्यात नेला, तिथनं परळीला, अन् बऱ्याच दिवसांनी घरी आणला तो बाजेवर. आता मेंढरं कोण चारणार? तुझा मामा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. भावकीतले लोक ऊस तोडायला गेलेले, गल्लीत नुसती म्हातारी अन् कोंबड्या. व्यापारी आला, मेंढरं टेम्पोत चढवली अन् घेऊन गेला. तुझा आज्जा आत पडून ऐकत होता. टेम्पो गेल्यावर म्हणला, "घंटी ठिवून घेतलीस का?"

मी म्हणलं, "न्हाई ओ. गडबडीत एडक्याच्या गळ्यातच गेली."

"मग आता माझं काय ठिवलंस?" म्हणला, अन् भिंतीकडं तोंड केलं.

तिथनं त्याचं बोलणं सरलं अन् कान लावणं वाढलं. दारावरून कुणाची दोन शेरडं गेली तरी मान उचलायचा. "आपली हायेत का?" "न्हाई ओ, जाऊबाईची शेरडं ती." की पुन्हा आडवा. भाकरीचा तुकडा तोंडात तसाच राहायचा. डॉक्टर म्हणले होते, ह्याला आनंदात ठेवा. आनंद काय मेडिकलमधी मिळतो का?

तेव्हा मला तुझी आठवण झाली. लहानपणी पुण्याला गेलीस की झोपायची न्हाईस, मेंढरांचा आवाज पाहिजे म्हणून रडायचीस. मग मी चालता चालता फोनवर आवाज भरायची अन् तुझ्या आईला धाडायची. ते सगळे फोनच्या पोटात पडून होते. मी लावले अन् त्याच्या कानाशी धरले. काय ऐकू यावं? नुसता वारा, फर्र फर्र. मेंढरं कुठंतरी लांब, चिखलात रुतल्यावानी. अन् ह्या सगळ्याच्या वर माझी हाक. फोन माझ्याच हातात होता ना, मग कानात कोयता घातल्यागत. तुझ्या आज्ज्यानं चांगल्या हातानं फोन सारून दिला.

तू तुझा जुना लॅपटॉप मला दिला होतास, "आजी, पिक्चर बघत बस" म्हणून. त्यात आवाज कापायचा-जोडायचा तुझा प्रोग्राम तसाच राहिला होता. तुला वाटलं असंल म्हातारी आरत्या लावून बसंल. मी चौथी शिकलेली, इंग्रजीतली अक्षरं ओळखते तेवढी. पण फोनवर शिकवणारी पोरं असतात. त्यातला एक हिंदीत बोलायचा, दर वाक्याला "दोस्तो" म्हणायचा. मी चुलीपाशी फोन टेकवून त्याला म्हणायची, हं, बोल रे बाबा, ऐकायलेय. त्यानं सांगितलं म्हणून फुकटात मिळणारी दोन प्लगिनं, म्हणजे त्या प्रोग्रामला जोडायची जादा अवजारं, उतरवून घेतली. ती उतरवायलाच आठवडा गेला असंल. आपल्याकडची रेंज तुला म्हाईत हाय, गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर येती.

एकाला दोन गोल बटणं होती, अटॅक अन् सस्टेन. तू हसशील, तुला हे रोजचं हाय. पण मला कसं उमगलं ते ऐक. पितळेच्या तांब्यावर टिचकी मारली की आधी टण्ण होतं अन् मग घुमत राहतं. ते टण्ण म्हणजे अटॅक, घुमणं म्हणजे सस्टेन. पहिलं बटण चढवलं की टिचकी वर येती, दुसरं उतरवलं की मागचं घुमणं खाली बसतं, अन् त्याच्यासंगं वाराबी बसतो. मी घंटीवर ते करून बघितलं. अगं, राखेनं भांडं घासावं अन् खालचं पितळ दिसावं, तशी घंटी निघाली! दगडावर आपटलेले खूरबी निघाले. हावरटासारखं जास्त फिरवलं की पत्र्यावर खडे पडल्यावानी व्हायचं. मग मागं. मग पुन्हा जरा पुढं. भाजीत मीठ टाकतो तसंच ते, चाखत चाखत.

दुसरं प्लगिन आवाज फाकवायचं. फोननं भरलेला आवाज सगळा मधोमध, बोळातून कळप चालवल्यावानी दाटीवाटीचा. त्यातलं विड्थचं, म्हणजे रुंदीचं, बटण फिरवलं की दोन्हीकडच्या भिंती पडतात अन् माळ मोकळा होतो. मी तेवढ्यावर थांबले न्हाई. जे जिथं चालायचं ते तिथंच नेऊन बसवलं. कोकरं उजव्या अंगाला, बांधाबांधानं. म्होरक्या डावीकडं, कावून तर तुझा आज्जा काठी उजव्या हातात धरायचा अन् एडका डाव्या मांडीशी चालायचा. हेडफोन घालून डोळे मिटले की मी त्याच्या जागी उभी राहायची. इतकी वर्षं मी कळपाचं ढुंगणच बघितलं होतं गं. पुढून कळप कसा ऐकू येतो ते मला पहिल्यांदा कळलं.

अन् माझा आवाज मी काढून टाकला. ज्वारीतला खडा वेचावा तसा वेचून वेचून. तो दोस्तोवाला म्हणायचा, नको असलेला आवाज म्हणजे कचरा, आधी कचरा काढा. मला पटलं. त्या कर्कश बाईचं काय काम तिथं? फोन सारखा भरला भरला म्हणून ओरडायचा, म्हणून जुन्या फायलीबी पुसून टाकल्या.

पहिल्यांदा त्याला हेडफोन घातला तेव्हा मी बाजेच्या डाव्या अंगाला बसले होते. त्याचा तो हात चोळायची माझी वेळ होती. लावलं. त्याचे डोळे मोठे झाले. उजव्या हाताची मूठ वळली, काठी धरल्यावानी. मी म्हणलं, जमलं बाई. तर तो एकदम कावराबावरा झाला. "म्होरक्या कुठं हाय? म्होरक्या गेला. गेला!" उठायला गेला अन् अर्धा बाजेखाली. मी अन् जाऊबाईनं धरून वर घेतला, तर लेकरासारखा रडायला लागला.

मी हेडफोन माझ्या कानाला लावून बघितला. म्होरक्या होता की! डावीकडं, ठणठणीत. कितीतरी वेळानं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो जेवताना ताटातली डावी बाजू तशीच ठेवायचा. मला वाटायचं भूक न्हाई. एकदा ताट फिरवून दिलं तर सगळं खाल्लं. डॉक्टरनं सांगितलंच होतं, त्याचं डावीकडचं जग पुसलं गेलंय. कान चांगला हाय, डोळा चांगला हाय, पण तिकडनं आलेलं डोकं घेत न्हाई. मी ताट फिरवायला शिकले, पण आवाजाचं ध्यानात आलं न्हाई. इतका जीव लावून ज्या भिंती पाडल्या त्या मी हातानं परत बांधल्या. विड्थ पार शून्यावर आणली. सगळा कळप पुन्हा बोळात, पण त्याच्या ताटात तरी पडला.

मग तो ऐकायचा. शांत पडायचा, मूठ वळायची, घास तोंडात जायचा. आठेक दिवस बरे गेले. जाऊबाई ताक घेऊन आली की दारातनंच म्हणायची, "काय ओ भावजी, कुठवर गेली मेंढरं?" अन् तो म्हणायचा, "घाट चढायलोय." ती मला कोपरानं ढोसायची अन् पदर तोंडाला लावायची.

एक दिवस तो घाटातच थांबला. मला म्हणला, "मागची हाक कावून यीना?"

मी म्हणलं, "आवो, मी हितंच हाय की तुमच्यापाशी."

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. उजवीकडं बसले होते, म्हणून दिसले. अन् असा चिडला! "तू हितं कशी? तू हितं बसलीस तर मेंढरांमागं कोण हाय?"

मेंढरं विकली म्हणू? ते त्याच्या डोक्यातनं गेलं होतं, अन् ते पुन्हा डोक्यात घालायचं धाडस मला झालं न्हाई. "जाते जाते," म्हणलं अन् आत जाऊन चुलीपाशी बसले. त्यानं हेडफोन काढू दिला न्हाई. पण घासबी घेतला न्हाई. कळप उभा केला होता त्यानं, मागची हाक येईपर्यंत.

मग मी तुला फोन केला, ध्यानात हाय का? जुने आवाज हायेत का गं तुझ्याकडं म्हणून. तू म्हणलीस, "आजी, आईचा तो फोन कधीच बदलला, गेले ते." तुला दोष देत न्हाई मी. पुसले मीच होते. तू घाईत होतीस, कुणाची तरी हळद सुरू होती तिकडं.

मी म्हणलं, आवाज गेला तर गेला, गळा तर माझाच हाय. चुलीपाशी बसून हाक भरली अन् कळपात घातली. त्याला ऐकवली. त्यानं ऐकून घेतलं अन् कपाळाला आठी. "ही घरात हाय," म्हणला.

"कोण घरात हाय?"

"मागची. घरात बसून हाका मारायलीय. मेंढरं रानात सोडून."

खरं होतं त्याचं. माझ्या हाकेच्या मागं पत्र्याचं छप्पर होतं, डबे होते, भिंती होत्या. सस्टेनचं बटण पार खाली दाबून बघितलं. भिंती जरा गेल्या, पण माळ काही आला न्हाई. त्या बटणाला हाय ते चढवता-उतरवता येतं. नसलेला माळ ते बिचारं कुठनं आणणार?

दुसऱ्या दिवशी जाऊबाईला त्याच्यापाशी बसवलं अन् जीप धरून घाटात गेले. वळणापाशी उतरले. कोरडं गवत, वारा पडलेला. फोन दगडावर ठेवला अन् हाक दिली. पहिली निघाली ती मांजरासारखी. लाज वाटायली गं. मेंढरं न्हाईत, घोडी न्हाई, अन् मोकळ्या माळावर म्हातारी बाई हाका मारायलीय. दुसरी जरा बरी. तिसऱ्या हाकेला एक मोटारसायकलवाला थांबला.

"मावशे, काय हरवलं?"

म्हणलं, "मेंढरं."

"किती?"

"समदीच."

"आरं बापरे!" त्यानं गाडी कडेला लावली. "कोणच्या अंगाला गेली?" मी कुठंतरी हात केला. तो भला माणूस खरंच दगडावर चढला, डोळ्यावर हात धरून बघायला लागला, अन् तोंडाला हात लावून त्यानंबी हाक दिली, "हुर्र्र हेऽऽय!" आमच्यातलाच असावा, हाक अस्सल होती. मी म्हणलं, "जा रे बाबा तू, यीतील ती." तर म्हणतो, "अशी कशी यीतील मावशे? जनावर हाय ते." खाली दरीपर्यंत उतरून बघून आला. "दिसंनात गं." पाण्याची बाटली मला देऊन गेला. माझी मेंढरं गेली म्हणून त्याचा चेहरा इतका उतरला होता की तो गेल्यावर मी तिथंच बसून रडले. मेंढरं गेल्यापासनं तवर मी रडलेच नव्हते.

घरी येऊन ती हाक कळपात घातली. नुसती घातली न्हाई. लांबून आलेल्या हाकेला टोक नसतं, ती गोलमटोल होऊन येती. म्हणून पहिल्या हाकेचा अटॅक उतरवला, आवाजबी बारीक केला. दुसऱ्या हाकेला जरा टोक दिलं. तिसरी जवळची, नीट धारदार. म्हणजे कसं, बाई मागं पडली होती ती घाट चढून कळपाला येऊन मिळाली. एवढी एकच गोष्ट मी जिंदगीत मनासारखी केली असंल.

लावलं. मेंढरं चालली. पहिली हाक आली. त्यानं श्वास धरला. दुसरी आली. तिसरी आली, अन् त्या वाकड्या तोंडानं त्यानं "होऽऽ" म्हणलं. पार बेंबीपासनं. मग उजव्या हातानं खूण केली, चला. मी त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरून बसले होते, त्याला ते कळतबी नव्हतं. मला वाटलं, पोचले मी त्याच्यापाशी.

दुसऱ्या दिवशी मी उजवीकडनं भाकरी घेऊन बसले, घास पुढं केला. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् म्हणला, "बाई, तुमचं गाव कोणचं?"

मला वाटलं चेष्टा करायलाय. म्हणलं, "हेच की. अन् तुमचं?"

"आमाला कुठलं गाव? मेंढरं जातील तिकडं." मग म्हणला, "तुमी लई तकलीफ घेऊ नका. माझी बायको यायलीय मागनं. ती आली की करंल समदं."

घास माझ्या हातात तसाच राहिला. मी म्हणलं, "कशी हाय ओ तुमची बायको?"

"तोंडाळ हाय," म्हणला. मग म्हणला, "पण हाकेला पक्की."

पोरी, बायका एकमेकींना शिव्या देतात, तुझ्या उरावर सवत येईल म्हणून. माझी सवत मी फुकटातल्या प्लगिनानं माझ्या हातानं घडवली. ती कळपामागं चालायची, जवान, दमदार, घाट चढून यायची. अन् मी बाजेपाशी, कुणीतरी पाव्हणी बाई. आधी तो माझ्यावर चिडायचा, तू हितं कशी म्हणायचा. ते बरं होतं गं. चिडण्यापुरतं तरी ओळखायचा. आता बायको मागनं येतीय म्हणल्यावर हितं बसलेली दुसरीच कुणी असणार, त्याचा हिशोब सरळ होता.

एक दिवस मी लावलंच न्हाई. खरं सांगते, मत्सरानं. म्हणलं, तिकडची बंद केली की हितली दिसंल. दुपारपर्यंत तो तळमळत राहिला. कान चाचपायचा, मान इकडंतिकडं करायचा. "थांबा, थांबा," एवढंच. पाणीसुद्धा घेईना. मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं अन् हाक दिली, खरी, माझ्या गळ्यातनं, हळू. तो दचकला. म्हणला, "वरडू नका बाई. माझा कळप बुजंल." जाऊबाई दारात होती. तिनं आत येऊन लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. मी लावलं. मेंढरं चालली, हाक आली, तो "होऽऽ" म्हणला अन् पाणी प्याला.

मग मी कधी बंद केलं न्हाई. त्याला ती पाहिजे होती, तर ती. शेवटी ती तरी कोण होती?

गेला तो भर दुपारी. मी पाय चोळत होते. त्यानं डोळे उघडले अन् म्हणला, "पाव्हणीबाई."

"ओ."

"ती आली की आधी पाणी द्या तिला. लई चालून येती."

"देते," म्हणलं.

"बोलंल काहीबाही. मनावर घेऊ नका."

"न्हाई घेत."

तुला विचारायचं होतं ना काय म्हणला, तर हे म्हणला. मग कानात हाक आली असंल, कारण त्यानं "होऽऽ" म्हणलं, लहानसं. पुढच्या हाकेला म्हणला न्हाई. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. मेंढरं चाललीच होती.

जाऊबाईनं विचारलं होतं, "काय म्हणले गं भावजी?" तिलाबी खोटंच सांगितलं, काय न्हाई म्हणलं म्हणून. लोकांना वाटावं शेवटी त्याला बायकोची ओळख नव्हती? ओळख होती. लई होती. तुला म्हणून सांगितलं.

परवा फोनवर मेंढरांच्या आवाजाची फाईल केलीय एवढं माझ्या तोंडून निघालं, तर तू म्हणलीस, आजी, ती फाईल मला पाठव, आमच्या मोठ्या मशीनवर मी नीट करून देते. न्हाई पाठवणार. तू नीट करशील, मला म्हाईत हाय, माझी ठिगळं तुला पहिल्या झटक्यात दिसतील. एका जागी त्या मोटारसायकलवाल्याची हाकबी अर्धी राहिलीय. पण मला ती नीट नको. अन् खरं सांगू का, तो गेल्यापासनं मी ती ऐकलेलीच न्हाई. एकदा लावायला बसले होते. माझी हाक येणार, अन् ह्या खोलीत तिला हो म्हणायला कुणी न्हाई, हे ध्यानात आलं अन् उठून शेण सारवत बसले. तुझा मामा रविवारी येतो, जेवतो, झोपतो. जाऊबाई बसती, पण तिचं पोर आलं की जाती. एकटीच्यानं मला ऐकवत न्हाई गं.

म्हणून तू ये. दिवाळीला न्हाई, सुट्टी मिळाल्यावर न्हाई. केजपर्यंत बस हाय, तिथनं जीपवाल्याला नुसतं म्हाताऱ्या मेंढकीणबाईचं घर म्हण, दारात सोडतो. दोन दिवस राहा. लग्नं काय, लोक करतच राहतील. अन् येताना लॅपटॉपची चार्जिंगची वायर आण, इथली उंदरानं कुरतडलीय. लवकर ये बाळा.